गिरणगाव, ठाणे की कल्याण-शीळ? घर घेण्याआधी तिथलं काम कुठे गेलं ते बघा

गेल्या दिवाळीत माझा मावसभाऊ तीन कागद घेऊन आला. लालबागला पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाडेकरूच्या हक्काने घेतलेल्या) चाळीत त्याची 160 फुटांची खोली. चाळ पुनर्विकासाला निघालीय, करार समोर आहे. तो पहिला कागद. दुसरा ठाण्यात पोखरण रोडवरच्या वन बीएचकेचा. खोलीचा हक्क विकला, घरमालकाचा वाटा दिला आणि वर कर्ज काढलं तर तो जमतो. तिसरा कल्याण-शीळ रोडवरच्या टू बीएचकेचा. तो घेतला तर कर्ज जवळजवळ लागत नाही. भाऊ लोअर परळच्या एका ऑफिसात, वहिनी वागळे इस्टेटमध्ये अकाउंट्स बघते, मुलगी सातवीत, आणि काका गिरणी कामगार, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे.

तिन्ही जाहिरातींत एकच शब्द होता: ‘विकसनशील परिसर’. मी त्याला म्हटलं, अरे, हे तिन्ही परिसर एकदा विकसित होऊन, बसून, परत उठलेले आहेत. काम होतं म्हणून माणसं तिथे आली, मग काम गेलं, मग दुसरंच काहीतरी आलं. काय आलं आणि कोणासाठी आलं, एवढंच तपासायचं. टाइल्स कुठल्या आणि स्विमिंग पूल किती फुटांचा, हे नंतर.

लालबाग-परळ, म्हणजे गिरणगाव: काम परत आलं, पण दुसऱ्यांसाठी

18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. मुंबईत तेव्हा सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. तो संप रीतसर मागे घेतला, असं कधी झालंच नाही, त्यामुळे काका अजून गमतीने म्हणतात की आपण संपावरच आहोत. पण सगळं खापर संपावर फोडणं मला पटत नाही. यंत्रं जुनाट झाली होती, भिवंडीच्या यंत्रमागांनी कापड स्वस्त केलं होतं, आणि मालकांच्या लक्षात आलं होतं की सुतापेक्षा पायाखालची जमीन जास्त पैसे देते.

पुढे काय झालं ते नीट समजून घ्या, कारण आजच्या दराचं मूळ तिथेच आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 58 असं सांगत होता की गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने तीन वाटे करा: एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला (सरकारच्या गृहनिर्माण मंडळाला) घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये त्यात बदल झाला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त मोकळ्या जमिनीची. गिरणीच्या आवारात शेड, गोदामं, चिमण्या ठासून भरलेल्या असताना मोकळी जमीन असणार किती? उच्च न्यायालयाने 2005 मध्ये वाटणी सगळ्या जमिनीची धरली, पण मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. बागेचा आणि कामगारांच्या घरांचा वाटा आक्रसला तो तिथे.

एक उदाहरण देतो. 2005 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबई टेक्सटाइल मिलची सुमारे 17 एकर जमीन 702 कोटींना डीएलएफ या बांधकाम कंपनीला विकली. सात वर्षांनी, 2012 मध्ये, तीच जमीन सुमारे 2,700 कोटींना लोढा या बिल्डरकडे गेली. मधल्या काळात तिथे ना सूत निघालं ना कोणी राहायला आलं. जमीन नुसती पडून राहिली आणि जवळजवळ चौपट झाली. लालबागच्या घराचा दर हा असा ठरतो. तुमच्या-माझ्या पगाराशी त्याचा संबंध उरलेला नाही.

तरी काम आलंच नाही असं म्हणता येत नाही. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं आणि हॉटेलं आली, मोरारजी मिलच्या जागी पेनिन्सुला पार्क उभं राहिलं, ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन मिलच्या जागी काचेचे टॉवर. आमच्या घराण्यात गिरणीच्या आवारात खुर्चीवर बसून काम करणारा भाऊ पहिलाच. पण त्याच्या ऑफिसातला वॉचमन दिव्याहून येतो, हाउसकीपिंगच्या बायका नालासोपाऱ्याहून, आणि साहेब वांद्र्याहून. चाळीतली किती पोरं या टॉवरांत कामाला आहेत, हे भावाने बोटांवर मोजलं. एका हाताची बोटं पुरली.

रस्ते-पूल मात्र भोंग्याच्या काळातलेच राहिले. पाळ्यांनी चालत येणाऱ्यांसाठी आखलेल्या स्टेशनांवर ऑफिसांची एकगठ्ठा गर्दी आली. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. मग लष्कराकडून नवा पूल बांधून घेतला, पुढच्या वर्षी स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. त्याच 2017 च्या डिसेंबरात कमला मिलमधल्या आगीत 14 जण गेले. जमीन झपाट्याने वर गेली, जिना तसाच अरुंद राहिला. ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो 3 आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली हे खरं, पण तिची स्टेशनं वरळी, आचार्य अत्रे चौक, सायन्स सेंटर अशी पश्चिमेच्या अंगाने जातात. लालबागवाल्याला अजून करी रोड नाहीतर चिंचपोकळीच.

आता भावाच्या पहिल्या कागदाकडे येऊ. चाळ सरकारी आहे की खासगी, यावर निम्मा निकाल लागतो. सरकारी बीडीडी चाळींचं उदाहरण डोळ्यासमोर आहे: शंभर वर्षांपूर्वीच्या 160 फुटांच्या खोल्या, त्यांच्या बदल्यात 500 फुटांचं घर, आणि वरळीत पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये चाव्या मिळाल्या. काम म्हाडाचं असल्यामुळे उशीर झाला तरी जाब विचारायला दार आहे. खासगी चाळीत सगळी भिस्त एका विकासकावर. आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीतच नसते: रेरा (घर विकत घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) विक्रीच्या घरांच्या ग्राहकाला राखतो, पुनर्वसनातला जुना भाडेकरू त्या अर्थाने ग्राहक ठरत नाही. माझी दुसरी एक मावशी ज्या चाळीत होती तिथल्या विकासकाने चौदा महिन्यांनी ट्रान्झिटचं, म्हणजे इमारत होईपर्यंत बाहेर राहण्याचं, भाडं बंद केलं. मावशी कांजूरमार्गला भाड्याच्या खोलीत सहा वर्षं राहिली, तिथेच गेली. म्हणून भावाला सांगितलं: करार नोंदणीकृत हवा, निदान दोन वर्षांचं भाडं आगाऊ किंवा बँक गॅरंटी हवी, आणि त्या विकासकाने आधी पूर्ण केलेल्या एका पुनर्वसन इमारतीत जाऊन दोन म्हाताऱ्या बायकांशी बोलून ये. माहितीपत्रकात नसतं ते सगळं त्या सांगतात. लिफ्ट बंद असते का, पाणी किती वाजता येतं, मेंटेनन्स परवडतो का, आणि विक्रीच्या विंगच्या गेटमधून यांना आत सोडतात का.

काकांचा म्हाडाकडे गिरणी कामगारांच्या घरासाठीचा अर्जही आहे. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरातले. घरं त्या मानाने मूठभर: 2012 च्या पहिल्या सोडतीत 6,925, मार्च 2020 मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची 3,894. उरलेल्यांना आता शेलू-वांगणीची घरं दाखवतात, कर्जतच्या वाटेवर. 2025 च्या जुलैत आझाद मैदानावर कामगार जमले ते त्यासाठीच, की घर मुंबईत द्या. त्या अर्जावर भरवसा ठेवून काही ठरवू नका. लागला तर बोनस.

ठाणे: अर्धं परत आलं

एमआयडीसीची (राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची) स्थापना 1962 ची, आणि तिची पहिली वसाहत वागळे इस्टेट. पोखरण रोडला रेमंडची लोकरीची गिरणी 1925 पासूनची. खाडीच्या पलीकडे कळव्यापासून बेलापूरपर्यंत कारखान्यांची रांग होती. नव्वदीपासून हे एकेक करून बंद पडत गेलं, काही गुजरातला गेलं, काही खोपोली-पुण्याकडे. रेमंडच्या जागेवर 2019 पासून कंपनीच्याच नावाने इमारती उभ्या राहताहेत. कापड विकणारा घरं विकायला लागला, म्हणजे लालबागचीच गोष्ट, पण एका फरकासह.

फरक असा की ठाण्यात कारखान्याची जागा सरसकट टॉवरने घेतली नाही. वागळे इस्टेटमधले लहान गाळे तगले: छपाई, पॅकेजिंग, छोटी इंजिनिअरिंग कामं. मधल्या शेडांच्या जागी आयटी पार्क आले. सुभाषनगरला आणि घोडबंदरच्या पातलीपाड्याला टीसीएसची मोठी ऑफिसं आहेत. ऐरोलीत बंद कारखान्यांच्या पट्ट्यात आयटीची नगरी झाली, आणि जानेवारी 2024 मध्ये दिघा गाव स्टेशन उघडल्यावर कळव्याच्या बाजूने तिकडे जाणं सोपं झालं. म्हणजे इथे बीकॉम झालेल्या मुलीला घरापासून रिक्षाच्या अंतरावर नोकरी मिळू शकते. वहिनीला मिळालीच आहे. लालबागच्या टॉवरांत आणि वागळेच्या गाळ्यांत मला दिसणारा मोठा फरक हा: गाळ्यात शिरायला इंग्रजी लागत नाही.

पण सगळं गोड नाही. ठाण्याला स्वतःचं धरण नाही. शाई धरणाची चर्चा माझे केस काळे होते तेव्हापासून चालू आहे. पाणी येतं ते स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचं, एमआयडीसीचं, भातसाचं आणि मुंबई महापालिकेच्या मेहेरबानीचं. त्यामुळे ‘घोडबंदर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सोसायटीत टँकरचा महिन्याचा खर्च विचारल्याशिवाय टोकन देऊ नका. सेक्रेटरी सांगत नसेल तर वॉचमन सांगतो. घोडबंदर रोडची वाहतूक हा वेगळा छळ. मेट्रो 4 ची गायमुखकडच्या टोकाला सप्टेंबर 2025 मध्ये चाचणी झाली, पण वडाळ्यापर्यंतची 32 किलोमीटरची पूर्ण मार्गिका हातात येईपर्यंतचा हिशेब रस्त्याच्या भरवशावरच करा. भावाचा पर्याय पोखरण रोडचा आहे, कासारवडवलीचा नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. ‘ठाणे’ या एका शब्दात पोखरण, कळवा, दिवा आणि गायमुख हे चारही बसवून विकतात, तेव्हा पत्ता पिनकोडसकट वाचा.

कल्याण-शीळ: माणसं आली, काम यायचंय

डोंबिवली-कल्याणला झोपायला जाणाऱ्यांचं गाव म्हणून हिणवायची मुंबईकरांची जुनी खोड. ते अर्धवट खरं. या पट्ट्यात एके काळी भरपूर काम होतं. मोहोन्याला एनआरसीचा रेयॉनचा कारखाना, शेजारी वसाहत, शाळा, सगळं कंपनीचं. 2009 मध्ये तो बंद झाला आणि देण्यांसाठी कामगार वर्षानुवर्षं हेलपाटे घालत राहिले. अंबरनाथला विमकोची माचिस आणि धरमसी मोरारजीचं रसायन. आणि भाऊ जिथे टू बीएचके बघतोय त्या कल्याण-शीळ रोडवरच प्रीमियरचा कारखाना होता. तिथे गाड्या बनायच्या, प्युजो 309 सुद्धा तिथलीच. आता कारखान्याच्या जमिनीवर टॉवर आहेत आणि प्रीमियरचं नाव राजकीय सभांच्या मैदानाला उरलंय.

तिथून थोडं पुढे पलावा, साडेचार हजार एकरांचं म्हणून जाहिरात होणारं शहर. रस्ते रुंद, झाडं लावलेली, शाळा आत. मी दोनदा जाऊन आलो, बरं वाटतं. पण सकाळी साडेसातला गेटवर उभं राहिलं की सगळ्या गाड्या एकाच दिशेने बाहेर पडताना दिसतात. त्या जागेत येऊन काम करणारे कोण, तर घरकामाच्या बायका, डिलिव्हरीवाले, सुरक्षारक्षक. मोठा रोजगार म्हणून जो वाढलाय तो भिवंडीच्या गोदामांतला, आणि तो कंत्राटी. 2025 च्या जुलैत पलावाचा उड्डाणपूल वाजतगाजत उघडला आणि रस्ता निसरडा म्हणून काही तासांत बंद करावा लागला. त्यावर जास्त बोलत नाही.

जो जुना रोजगार टिकलाय तो डोंबिवली एमआयडीसीतला, आणि त्याला रसायनाचा वास आहे. मे 2016 आणि मे 2024 असे दोन मोठे स्फोट झाले, दोन्ही मिळून वीसहून जास्त माणसं गेली. दोन किलोमीटरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. तेव्हा ‘एमआयडीसीजवळ’ हा शब्द ठाण्यात फायद्याचा आणि डोंबिवलीत चौकशीचा.

इथे कागद बघणं सर्वांत महत्त्वाचं, म्हणून जरा थांबतो. डोंबिवलीत 65 इमारती बनावट परवानग्यांवर उभ्या राहिल्या, त्याच खोट्या कागदांवर त्यांना रेरा क्रमांकही मिळाले, लोकांना बँकांची कर्जंही मिळाली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. त्या घरांत तुमच्या-माझ्यासारखीच, पीएफ काढून घर घेतलेली माणसं आहेत. रेरा क्रमांक आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जा, सातबारा आणि बिनशेतीचा आदेश बघा, ओसी (राहायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र) झालेलं घर मिळत असेल तर थोडं जास्त देऊन तेच घ्या. ओसी झालेल्या घराला जीएसटी लागत नाही, बांधकाम चालू असलेल्याला 5 टक्के (45 लाखांपर्यंतचं आणि 60 चौरस मीटरच्या आतलं असेल तर 1). शीळ रोडची बरीच गावं 2015 मध्ये महापालिकेत आलेल्या 27 गावांपैकी आहेत. कर शहराचा आणि पाण्याचा दाब गावाचा, अशी तिथल्या लोकांची तक्रार जुनी आहे. मुद्रांक शुल्क मुंबईत 6 आणि ठाणे-कल्याणला 7 टक्के; फक्त बाईच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सवलत. वहिनी हे ऐकून पहिल्यांदा हसली.

शेजारी शेजारी ठेवून

रेल्वेच्या मोजणीत सीएसएमटीपासून ठाणे 34 किलोमीटर, डोंबिवली 48. चौदा किलोमीटरचा फरक कागदावर काहीच नाही. प्रत्यक्षात ठाण्याहून सुटणारी स्लो आहे, तीत बसून जाता येतं. डोंबिवलीला फास्टमध्ये नुसतं शिरायचं म्हणजे कसब. लोक उलट कल्याणपर्यंत जाऊन, रिटर्न मारून, जागा धरून येतात. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं पडून गेली, ती याच मार्गावर. शीळ रोडवरून आधी स्टेशन गाठायला शेअर रिक्षाची रांग, मग हे. भावाला रोज लोअर परळला पोहोचायचं तर दीड तास एका बाजूचा धरा, पावसात दोन. लालबागहून तो चालत जातो. वहिनीचं उलट: लालबागहून ठाण्याकडे सकाळी गर्दीच्या विरुद्ध दिशेने जाते, बसायला मिळतं. ठाण्यात राहिली तर वीस मिनिटांत ऑफिस.

काकांचं काय? यावर ब्रोशर गप्प असतं. लालबागला त्यांना चिवडा गल्लीपासून केईएमपर्यंत सगळं चालत किंवा पाच मिनिटांच्या टॅक्सीत आहे. भजनी मंडळ आहे, त्यातले चार जण अजून आहेत. ठाण्यात दवाखाने चांगले, पण खासगी. पलावात त्यांना बाग मिळेल, बाक मिळेल, ओळखीचं माणूस मिळणार नाही. टू बीएचकेतली दुसरी खोली काकांसाठी, असं भाऊ म्हणत होता. काका म्हणाले, “खोली मला नको, गॅलरी दे.”

भाव वाढण्याचा मुद्दा दर वेळी निघतो. तीन ठिकाणी तो वेगळ्या कारणाने वाढतो. लालबागचा जमिनीच्या टंचाईने, त्यामुळे तो फारसा पडत नाही, पण 500 फुटांच्या पुनर्वसनाच्या घराला टॉवरचा दर मिळेल असं समजू नका. ठाण्याचा दर कामावर उभा आहे, त्याला मी सर्वांत भरवशाचा म्हणेन. शीळ रोडचा आशेवर: कल्याण-तळोजा मेट्रो, ऐरोली-काटई रस्ता, आणि पुढे काय काय. आशेचे पैसे आज देऊन टाकायचे आणि मेट्रोची वाट दहा वर्षं बघायची, हे तरुण जोडप्याला जमतं. सातवीतल्या मुलीच्या बापाला जमणं कठीण. मुलीची दहावी मेट्रोसाठी थांबत नाही.

माझं मत मी भावाला सरळ सांगितलं. दोघांपैकी एकाचं तरी काम ठाणे-ऐरोलीत असेल आणि चाळीचा विकासक नवखा असेल, तर हक्क विकून पोखरण रोड घ्या, घर लहान असलं तरी. चाळ सरकारी असती तर मी त्याला हलूच दिलं नसतं. दोघंही घरून काम करत असतील किंवा भिवंडी-कल्याणलाच नोकरी असेल, तर शीळ रोडचं मोठं घर शहाणपणाचं, पण ओसीवालं. आणि भाड्याने देऊन गुंतवणूक म्हणून तिथे घर घ्यायचा विचार असेल तर आधी त्याच कॉम्प्लेक्समध्ये किती फ्लॅट रिकामे आहेत ते रात्री नऊला खाली उभं राहून दिव्यांवरून मोजा.

भाऊ मागच्या मंगळवारी सकाळी शीळ रोडच्या लोढा हेवनहून शेअर रिक्षाने निघून डोंबिवलीची आठ दहाची फास्ट धरून बघायला गेला होता. पहिली सोडली, दुसरी सोडली, तिसरीत शिरला. दादरला उतरल्यावर वहिनीला फोन केला आणि विचारलं, त्या पोखरणवाल्याकडे टँकरचं बिल मागितलंस का?